लिहून नेलं, त्याचं काय झालं?

देवळी तालुक्यातल्या एका कास्तकारांनी विचारलेल्या प्रश्नातून हे पुस्तक सुरू झालं. त्यांची मुलगी समाजकार्याची पदवी घेऊन आमच्या एका आरोग्य सर्वेक्षणात कामाला लागली होती. सोयाबीनची सोंगणी आटोपली होती, अंगणात पोती रचलेली होती आणि मी त्यांच्या घरी चहाला बसले होते. "मॅडम, पोरगी शिकली, चांगलं झालं," ते म्हणाले. "पण दिवसभर लोकाईच्या घरी जाऊन वह्या भरनं, हे काय काम हाये जी? याच्यात पुढं काय?"

मी त्यांना अभ्यासक्रमांची नावं सांगितली, संस्थांची नावं सांगितली, या वाटेनं गेलेली माणसं मुंबई-दिल्लीत कुठल्या पदांवर बसली आहेत तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पाहुणीला दुखवायचं नाही म्हणून मान हलवली. पगार आणि पद यापलीकडचं काहीतरी त्यांना विचारायचं होतं. वह्या भरून शेवटी होतं काय, हे त्यांना कळत नव्हतं, आणि ते सांगायला माझ्याजवळ त्या दिवशी धड चार वाक्यं नव्हती. सामाजिक आरोग्याच्या संशोधनात आणि लोकांच्या आरोग्यहक्कासाठी चालणाऱ्या कामात उभं आयुष्य घालू पाहणाऱ्या तरुणांसाठी हे पुस्तक आहे. ते त्यांच्या आईवडिलांनीही वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

आधी हे काम आहे तरी काय, ते सांगते. आमच्याकडचंच उदाहरण घेऊ. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा विदर्भात कुठल्याही पानठेल्यावर मिळतो. पंचविशीतला तरुण दवाखान्यात येतो, त्याचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, तिखट घास गालाला सोसत नाही. डॉक्टर त्याला तपासतात, औषध देतात, खर्रा सोड म्हणतात. ते काम मोलाचंच आहे. पण अशी किती तोंडं या तालुक्यात आहेत, पहिला खर्रा कितव्या वर्षी हातात आला, शाळेच्या फाटकापासून ठेला किती पावलांवर आहे, कापूस वेचणीला गेलेल्या बाया भूक मारायला तंबाखू लावतात का, २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी येऊनही ठेले भरलेले कसे, हे प्रश्न त्या तपासणीच्या खोलीत मावत नाहीत. ते प्रश्न घेऊन जो गावात जातो, मोजतो, लोकांशी बोलतो आणि निघालेलं उत्तर ग्रामसभेपासून मंत्रालयापर्यंत पोचवतो, त्याचं हे क्षेत्र. मोजणं आणि पोचवणं ही दोन्ही कामं त्यात आली. पहिलं संशोधन आणि दुसरं वकिली, अशी वाटणी आपण सोयीसाठी करतो. माझ्या अनुभवात ती फार काळ टिकत नाही.

वर्धा जिल्ह्यातून या विषयाकडे पाहण्याचं कारण भावनिक नाही. आठ तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेनुसार तेरा लाख लोकवस्तीचा हा लहानसा जिल्हा. पण या क्षेत्रातले बहुतेक मोठे प्रयोग, आणि त्यांचे मतभेदसुद्धा, इथल्या मातीतून गेले आहेत किंवा त्यांची माणसं इथून गेली आहेत.

सुरुवात झाडूने झाली. १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्यात राहायला आले, आणि त्यानंतर मीराबेन, महादेवभाई देसाई ही त्यांची सहकारी मंडळी वर्ध्याजवळच्या सिंदी गावात रोज सकाळी मैला साफ करायला जाऊ लागली. गावाने लगेच बदलावं असं काही घडलं नाही. लोक आपल्या वेळेला उघड्यावर बसत राहिले आणि ही माणसं साफ करत राहिली. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले आणि त्याच वर्षी हिवतापाने आजारी पडले. ज्या गावाची सेवा करायची त्या गावाचा ताप आपल्यालाही येतो, हे इथे काम करायला येणाऱ्याला पहिल्या पावसाळ्यातच कळतं. पुढे दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजातून डॉक्टर होऊन आलेल्या तरुण सुशीला नायर आल्या आल्याच इथल्या कॉलऱ्याच्या साथीला भिडल्या. नंतर त्यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं रीतसर शिक्षण घेतलं, देशाच्या आरोग्यमंत्री झाल्या आणि गांधी शताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, सेवाग्रामला ग्रामीण भागातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. कस्तुरबांच्या निधनानंतर स्त्रिया-मुलांसाठी १५ खाटांवर सुरू केलेला दवाखाना त्याचं मूळ. तिथे दाखल झालेला विद्यार्थी शरीरशास्त्राचं पुस्तक उघडण्याआधी आश्रमात राहून झाडू मारायला आणि सूत कातायला शिकतो, आणि पहिल्याच वर्षी प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेऊन तिथे मुक्काम करते. अशा शिबिराने सगळेच ग्रामीण डॉक्टर होतात असा दावा कुणी करू नये. पण तापाच्या रुग्णाच्या घरी चूल कुठे असते, पाणी किती लांबून येतं आणि ओसरीवर कोण झोपतं, हे एकदा पाहिलेला डॉक्टर चिठ्ठी वेगळी लिहितो. एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कुष्ठरोगाची गोष्ट या जिल्ह्याने देशाला दिलेली सगळ्यात मोठी शिकवण आहे, आणि नव्या पिढीला तीच सगळ्यात कमी माहीत असते, म्हणून इथे थोडी थांबते. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. सेवाग्राम आश्रमात कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या जखमा गांधीजी स्वतः धूत, तेलाने अंग चोळून देत. ही सेवेची परंपरा. मग १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झालं आणि तिथे डॉ. रा. वि. वारदेकरांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. रुग्ण आश्रमात येईपर्यंत वाट पाहायची की आपण घरोघर जायचं? त्यांनी घरोघर जायचं ठरवलं. घराघरांतल्या प्रत्येक माणसाची त्वचा तपासायची, हा रोग देवाचा कोप नाही आणि गोळीने बरा होतो हे गावाला सांगत राहायचं, आणि सापडलेल्या रुग्णाला त्याच्या घरीच राहून डॅप्सोन द्यायचं. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. आज ही तीन पावलं इतकी साधी वाटतात की कुणाला तरी ती शोधून काढावी लागली, यावर विश्वास बसत नाही. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. पुढे ऐंशीच्या दशकात एकापेक्षा जास्त औषधांचा एकत्रित उपचार आला, तेव्हा तो आधी आजमावून पाहण्यात वर्धा जिल्हा होता. या सगळ्यात ज्यांनी उन्हातान्हात घरं पालथी घातली ते निमवैद्यकीय कार्यकर्ते कुठल्याही इतिहासात नावानिशी भेटत नाहीत. त्यांच्या नोंदवह्या मात्र इतक्या नेटक्या असत की पाठीवरच्या चट्ट्याची जागा आकृतीत टिंबाने दाखवलेली सापडते. वह्या भरण्याला काम न मानणाऱ्यांनी त्या एकदा पाहाव्यात.

सेवाग्रामच्याच परिसरात १९८०च्या आसपास डॉ. उल्हास जाजूंनी वेगळा प्रश्न हाती घेतला. दवाखान्याचा खर्च गावाने कसा सोसावा? नगदी पैसा मजुराच्या हाती नसतो, पण सुगीला ज्वारी असते. म्हणून सुगी झाली की घराच्या ऐपतीप्रमाणे ज्वारी गोळा करायची, ज्याचं वावर मोठं त्याने जास्त द्यायची, भूमिहीनाने थोडी, आणि त्या बदल्यात गावात आरोग्यसेवक आणि कस्तुरबा रुग्णालयात सवलतीचा उपचार. गावातली बहुसंख्य घरं सामील झाली तरच ती योजना त्या गावात चाले. विम्याबद्दल आज मोठमोठ्या परिषदांमध्ये जे बोललं जातं, त्यातले पुष्कळसे प्रश्न त्या ज्वारीच्या पोत्यांनी आधीच विचारून ठेवले होते. श्रीमंताने गरिबाचा भार का उचलावा, आजारी न पडलेल्याने पुढच्या वर्षी का द्यावं, आणि दवाखान्यात नीट वागवलं नाही तर गावाने कुणाला जाब विचारावा.

जिल्ह्याबाहेर महाराष्ट्रात याच सुमारास, आणि त्याच्या थोडं आधीही, बरंच काही उगवत होतं. जामखेडला १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी, बहुतेक निरक्षर आणि पुष्कळदा दलित असलेल्या बायांना गावच्या आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. डॉ. बानू कोयाजींनी पुणे जिल्ह्यात वढूला, डॉ. नोशीर अँटियांनी रायगड जिल्ह्यात मांडव्याला तसेच प्रयत्न केले. १९७८ मध्ये अल्मा आटा इथे जगातल्या सरकारांनी प्राथमिक आरोग्यसेवेची शपथ घेतली, तेव्हा महाराष्ट्रातली काही खेडी त्या जाहीरनाम्याच्या पुढे होती. १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनाच्या वातावरणात काही तरुण डॉक्टरांनी मेडिको फ्रेंड सर्कल हा गट काढला, आणि सेवाग्राम त्याच्या बैठकांचं एक घर झालं. कुठलंही पद नाही, मोठा निधी नाही, फक्त एक बुलेटिन आणि रात्र रात्र चालणारे वाद. दवाखाना काढून गरिबी जाते का? जात नसेल तर दवाखाना काढणाऱ्याने काय करावं?

या वादातून दोन वाटा फुटल्या आणि आजही त्या वेगळ्या दिसतात. पहिली वाट अभय आणि राणी बंग यांची. अभय बंग सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेले, सर्वोदयी अर्थतज्ज्ञ ठाकूरदास बंग यांचे पुत्र. दोघांनी आधी वर्धा जिल्ह्यातच खेड्यांत काम केलं. शेतमजुराच्या पोटाला किती लागतं याचा हिशेब मांडून त्यांनी दाखवलं की रोजगार हमीवरची चार रुपये मजुरी ज्या गणितावर उभी आहे ते गणितच चुकलं आहे आणि बारा रुपये लागतात. एका तरुण डॉक्टरने वजनकाट्याऐवजी मजुरीचं गणित हातात घेतलं, हे मला आजही या क्षेत्राचं सर्वोत्तम उदाहरण वाटतं. आरोग्य औषधाच्या आधी मजुरीत असतं, हे तिथे आकड्याने सिद्ध झालं. पुढे हॉपकिन्सला शिकून ते गडचिरोलीला गेले आणि १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. (सुशीला नायर, आरोळे दांपत्य आणि बंग दांपत्य, या सगळ्यांच्याच वाटेवर तेच विद्यापीठ यावं आणि सगळ्यांनीच परत खेड्यात यावं, यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे.) १९८९ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं की दोन गावांतल्या तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. तोवर ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच जगाला ठाऊक होतं. १९९९ मध्ये त्यांनी सिद्ध केलं की प्रशिक्षित गावकरी स्त्री घरीच नवजात बाळाची काळजी घेऊ शकते आणि त्याने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी होतात. आज देशभर आशा कार्यकर्ती बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते, बाळाचं वजन आणि तापमान घेते, ती याच कामातून निघालेली पद्धत आहे. ही संशोधनाची वाट.

दुसरी वाट हक्काची. डॉ. अनंत फडके आणि त्यांचे सहकारी, १९९४ मध्ये मुंबईत सुरू झालेली 'सेहत' आणि पुण्याची 'साथी' या संस्था, जन आरोग्य अभियान. त्यांचा आग्रह असा की सेवा चांगली आहे की नाही हे सेवा घेणाऱ्याने ठरवावं. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत सरकारी आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावाने आपल्या उपकेंद्राला हिरवा, पिवळा, लाल रंग द्यायचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर बाईने उभं राहून सांगायचं की माझ्याकडून बाळंतपणाचे पैसे घेतले. संशोधन करणारे यांना कार्यकर्ते म्हणतात आणि हे संशोधकांना प्रबंधवाले म्हणतात. दोघांनाही मी जवळून ओळखते, आणि दोघेही एकमेकांच्या कामावर जगतात असं माझं स्पष्ट मत आहे. २००१ च्या 'कोवळी पानगळ' अहवालाने राज्यातल्या बालमृत्यूंचा सरकारी आकडा किती अपुरा आहे ते मांडलं. तेव्हा तो अभ्यास होता की आंदोलन, हे कुणाला सांगता आलं असतं?

तिसरी, जरा शांत वाट रुग्णालयातून जाते. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशाने मरणारी माणसं पाहत, नोंदी ठेवत, प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने ती वाचवता येतात हे जगाला दाखवलं. त्यांच्याजवळ विद्यापीठ नव्हतं, रुग्ण होते आणि वही होती. सेवाग्रामच्या डॉक्टरांचा २००५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला अभ्यास मला याच जातीचा वाटतो. त्यांनी आपल्याच रुग्णालयातल्या ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांची क्षयाच्या संसर्गासाठी तपासणी केली आणि जवळपास निम्म्यांमध्ये तो सापडला. दुसऱ्यांना मोजणाऱ्यांनी स्वतःला मोजलं. असं धैर्य नेहमी दिसत नाही.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगणं भाग आहे, कारण तिच्याशिवाय या पुस्तकाचा आग्रह कळणार नाही. कारंजा तालुक्यातल्या एका गावात मी नव्या मुलींना घेऊन घरभेटी शिकवायला गेले होते. वेचणीचे दिवस होते, म्हणून संध्याकाळी सातनंतर. दिवसा गेलात तर घरी म्हातारी माणसं आणि कोंबड्या भेटतात. एक बाई नुकती वावरातून आली होती, कमरेचं वेचणीचं फडकंही अजून सोडलं नव्हतं. आम्ही ओळख सांगितली, माहिती कशासाठी हवी ते सांगितलं. ती काही न बोलता आत गेली आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. त्यात रेशनकार्ड, बँकेचं पासबुक आणि चार घड्या घातलेला एक कागद होता. "हे पाहा," ती म्हणाली. "मांगंबी आले होते. बोट टोचलं, रगत नेलं, लिहून नेलं. किती निघालं ते सांगतो म्हणे. या नंबरावर फोन लावला, लागत नाई. लिहून नेलं, त्याचं काय झालं जी?"

तो संमतीपत्राचा कागद होता. खाली माझ्या तेव्हाच्या प्रकल्पाचं नाव होतं. चार वर्षांपूर्वी त्या सर्वेक्षणाची क्षेत्र पर्यवेक्षक मीच होते. प्रकल्प संपला, मोबाईल क्रमांक बंद झाला, लेख छापून आला, आम्ही सगळे पुढच्या कामाला लागलो. त्या रात्री परत येऊन मी जुन्या फाइली काढल्या. त्या बाईचं हिमोग्लोबिन आठच्या खाली होतं. म्हणजे तीव्र रक्तक्षय. तो आकडा आमच्या तक्त्यात होता, टक्केवारीत होता, फक्त तिला माहीत नव्हता. चार वर्षं ती त्याच रक्तावर कापूस वेचत होती.

संमतीपत्र होतं, नीतिमत्ता समितीची परवानगी होती, सगळे नियम कागदावर पाळलेले होते. तरीही हे घडलं, कारण परत गावात जाण्याचं काम कुणाचं, हे आमच्यापैकी कुणी ठरवलंच नव्हतं. ज्याला मोजलं त्याला हिशेब देईपर्यंत मोजणी पुरी होत नाही, हे त्या कागदाने मला शिकवलं. तेव्हापासून मी माणसं आणि संस्था याच मापाने पाहते. आपल्या परंपरेतलं जे टिकलं त्यात बहुतेक वेळा हे परत जाणं आहे. कुष्ठरोगाचे कार्यकर्ते दर महिन्याला गोळी घेऊन त्याच दारात जात, ज्वारी देणारं गाव दर सुगीला हिशेब मागे, आणि जनसुनवाई तर उभीच हिशेबावर आहे.

मग यात करिअर कसं घडतं? प्रामाणिकपणे सांगायचं तर सरळ शिडी नाही. वैद्यकीय पदवीनंतर सामाजिक वैद्यकशास्त्रात एमडी करणं हा एक जुना रस्ता. सेवाग्राममध्ये सुशीला नायरांच्या नावाची सार्वजनिक आरोग्याची शाळा आहे, सावंगीलाही वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण डॉक्टर नसलेल्यांना आज जेवढी दारं उघडी आहेत तेवढी कधीच नव्हती. टाटा समाजविज्ञान संस्था, देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, त्रिवेंद्रमचं अच्युत मेनन केंद्र, चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, इथे समाजकार्य, आयुर्वेद, नर्सिंग, संख्याशास्त्र, अशा वेगवेगळ्या वाटांनी मुलं येतात. आमच्यासोबतचे सर्वात तल्लख विश्लेषक गणिताचे पदवीधर आहेत. गावाशी बोलण्यात सर्वात तरबेज बाई आधी आशा होत्या, मग गटप्रवर्तक झाल्या.

कामाची अस्थिरता लपवण्यात अर्थ नाही. बहुतेक नोकऱ्या प्रकल्पाच्या असतात, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. प्रकल्प संपला की पगार संपतो, आणि लग्नाच्या बाजारात "सर्वेक्षण करतो" हे उत्तर चालत नाही. सरकारातही बऱ्याच ठिकाणी स्वतंत्र सार्वजनिक आरोग्य संवर्ग नीट रुजलेला नसल्याने रुग्ण तपासायला शिकलेले अधिकारी साथरोगाचं नियोजन करतात. तामिळनाडूने तसा संवर्ग फार आधीपासून जपला आहे. केंद्राने २०२२ मध्ये सर्व राज्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या महाराष्ट्रात मनापासून अमलात आल्या तर इथल्या शेकडो मुलामुलींना कायमचं काम मिळेल, आणि ही मागणी करणं हासुद्धा या क्षेत्रातल्या माणसाच्या कामाचाच भाग आहे.

त्याहून मला जास्त खुपतो तो श्रेयाचा प्रश्न. उन्हात घरं फिरणाऱ्या अन्वेषकांची नावं लेखावर येत नाहीत. आली तर शेवटी आभारात, एकत्र, "क्षेत्र कार्यकर्ते" म्हणून. माहिती खरी आहे की नाही हे ज्यांच्या चिकाटीवर ठरतं, त्यांना संख्याशास्त्राचा एक धडा शिकवायला कुणाला वेळ नसतो. इथे येणाऱ्या प्रत्येक तरुणाला माझं सांगणं आहे की पहिली दोन वर्षं गावात काढा. मोजायला शिका, नमुना कसा निवडतात ते हाताने करून पाहा, मोफत मिळणारी सॉफ्टवेअर वापरून स्वतःचे तक्ते स्वतः मांडा. ग्रामपंचायतीच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला मिळणारे दहा हजार कुठे गेले ते वाचता येऊ द्या. माहितीचा अधिकार वापरा. आणि मराठीत लिहा. इंग्रजी लेखाने तुमची नोकरी पक्की होईल, पण सरपंच, आशा आणि तालुका आरोग्य अधिकारी तो वाचणार नाहीत.

आज हे सगळं सांगण्याची घाई का, तर गावाचा आजार बदलला आणि आपली पद्धत बदलली नाही म्हणून. कुष्ठरोग २००५ अखेर राष्ट्रीय पातळीवर दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचं जाहीर झालं आणि घरोघर शोधणारी यंत्रणा विरळ झाली. नवे रुग्ण अजूनही सापडतात. शेजारच्या यवतमाळमध्ये २०१७ च्या हंगामात कापसावर फवारणी करताना विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. आपल्याकडे फवारणीचे दिवस आणि दवाखान्यातली भरती यांची सांगड घालणारी नोंद नियमित ठेवली जात नाही. सिकलसेल विदर्भाच्या घराघरांत आहे आणि त्याची वेदना अजून "अंग दुखते" या दोन शब्दांत दडपली जाते. रक्तदाब आणि मधुमेह खेड्यात आले, गोळी महिनाभर चालते आणि मग सुटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या निम्म्याहून जास्त स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या सापडतात. हे आकडे दर काही वर्षांनी येतात, बातमी होते आणि विरतात. कोविडमध्ये आपण पाहिलं की गावाचा विश्वास असलेली आशा जिथे होती तिथे लोकांनी दार उघडलं. तो विश्वास साथीच्या वर्षी तयार होत नाही.

हे पुस्तक अभ्यासक्रमांची यादी देण्यासाठी काढलेलं नाही. यात लिहिणारे काही संशोधक आहेत, काही वर्षानुवर्षं मोर्च्यात चाललेले, काही दोन्ही. आरोग्यसेविका आहेत, संख्याशास्त्रज्ञ आहेत, हे क्षेत्र सोडून गेलेलेही आहेत. का सोडलं, हे त्यांनी खुलेपणाने लिहावं असा आम्ही आग्रह धरला. प्रत्येकाला आम्ही तेच विचारलं: तुमचा एक प्रश्न कोणता, तो कुठून आला, उत्तर मिळाल्यावर तुम्ही ते घेऊन कुणाकडे गेलात? काही जण शेवटच्या प्रश्नापाशी अडखळले. ते अडखळणं आम्ही संपादनात पुसलं नाही. मतभेदही तसेच ठेवले आहेत. दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात दारूचं मोजमाप कसं करावं, याबद्दल दोन लेखकांची मतं एकमेकांच्या नेमकी विरुद्ध आहेत, आणि दोघांनीही वर्षं इथेच काढली आहेत.

त्या कारंजा तालुक्यातल्या बाईकडे मी दुसऱ्या दिवशी गेले. आकडा सांगितला, ग्रामीण रुग्णालयात सोबत गेले, लोहाचे उपचार सुरू झाले. तिने नवा कागदही त्याच पिशवीत ठेवला. आमच्या पुढच्या प्रत्येक प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात आम्ही "गावात परत जाणे" असा एक खर्च घालतो. निधी देणारे कपात करताना आधी त्यालाच हात लावतात, आणि त्यासाठी दरवेळी भांडावं लागतं.

म्हणून या पुस्तकाचा कच्चा मसुदा छापायला देण्याआधी आम्ही ज्या गावांबद्दल लिहिलं होतं त्यांपैकी काही गावांत जाऊन मोठ्याने वाचला. एका समाजमंदिरात गर्भवतींच्या तपासणीवरचा लेख वाचत होतो. त्यात एक वाक्य होतं: "या गावातील महिला प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीसाठी येण्यास नकार देतात." मागे बसलेल्या आशाताई उभ्या राहिल्या. "नकार नाई देत जी," त्या म्हणाल्या. "दुपारची एसटी बंद झाली तवापासून जानं होत नाई. सकाळच्या गाडीनं गेलं तर संध्याकाळपर्यंत परतायला गाडी नाई, अन् मजुरी बुडते ते वेगळं." लेखकाने तिथेच पेन काढून ते वाक्य खोडलं. पुस्तकात आता आशाताईंचं वाक्य आहे, आणि बंद झालेल्या फेरीबद्दल आगाराला दिलेल्या अर्जाची प्रत त्या लेखाच्या शेवटी जोडली आहे.